ओट्यावरची मोरी

महाराष्ट्रातील घरांतून बसून स्वयंपाक करण्याची रीत मागे पडली, चुलीच्या जागी प्रथम स्टोव्ह व नंतर गॅसची शेगडी आली आणि स्वयंपाकाबरोबर भांडी घासण्याचे कामही उभ्याने होऊ लागले, तेव्हा जमिनीलगतची मोरी वर येऊन ओट्यात बसली आणि तिला आपण सिंक म्हणू लागलो. या स्थित्यंतराने घरातील बायकांच्या पाठीचे व गुडघ्यांचे कष्ट पुष्कळ वाचले, यात संशय नाही. परंतु मोरीबरोबर पिढ्यानपिढ्या चालत आलेली एक शिस्त मात्र खालीच राहिली, आणि सिंकविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ, माझ्या मते, तिच्या विस्मरणात आहे.

ती शिस्त अशी. जेवणे आटोपल्यावर ताटे मोरीत जाण्यापूर्वी हाताने निपटली जात आणि खरकटे गुरांच्या आंबोणात किंवा परसातल्या खड्ड्यात जाई. कढईच्या बुडाशी राहिलेल्या तेलावर चुलीतली राख टाकून ती आधी नारळाच्या काथ्याने कोरडीच घासली जाई, आणि पाण्याचा तांब्या त्यानंतर हाती घेतला जाई. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा अल्कधर्मी पदार्थ असतो. तो ओलाव्याच्या सान्निध्यात तेलाच्या काही अंशाचा साबण करतो आणि उरलेले तेल राखेचे सूक्ष्म कण शोषून धरतात. मोरीचे पाणी उघड्या पन्हळीतून परसातल्या अळूला आणि केळींना जाई, आणि कोठे काही अडकलेच तर ते येता-जाता दिसून काठीने मोकळे करता येई. आज तेच पाणी दीड इंच व्यासाच्या, अंधाऱ्या आणि वळणावळणाच्या नळीतून जाते व तिच्या आत काय साचले आहे ते पाणी तुंबेपर्यंत कोणास कळत नाही. मार्ग अरुंद आणि अदृश्य झाला, तेव्हा निपटण्याची शिस्त वास्तविक अधिक कडक व्हावयास हवी होती; घडले ते नेमके उलट.

म्हणून सिंकच्या निगेचा आरंभ घासणीपासून न करता ताटापासून केला पाहिजे. भाताची शिते, चहाचा चोथा, लसणाची साले, माशांचे खवले, कोळंबीची टरफले आणि आमटीच्या तळाशी राहिलेली मोहरी व कढीपत्ता हे सर्व जाळीच्या वरच अडले पाहिजे, आणि जाळीतील गाळ दर वेळी उचलून ओल्या कचऱ्यात गेला पाहिजे. घनकचऱ्यासंबंधी २०१६ साली जे नियम झाले त्यांनी ओला व सुका कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केलेले असल्यामुळे ओल्या कचऱ्याची टोपली बहुतेक घरांत आता आहेच. ती सिंकपासून हाताच्या अंतरावर असावी, म्हणजे आळसाला वाव राहत नाही. जाळी उचलून सगळे एकदम आत लोटून देण्याची जी सवय घाईच्या घरांतून दिसते, ती मोडण्याइतका लाभदायक उपाय दुसरा नाही.

तेलाविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण नळी खऱ्या अर्थाने बुजते ती तेलाने. शिते आणि साले त्यात नंतर रुतून बसतात. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसला गोठते, आणि वनस्पती तुपाचा वितळणबिंदू ३१ ते ४१ अंशांच्या दरम्यान असतो. पुण्यानाशकाकडच्या डिसेंबरातल्या सकाळी नळीचे तापमान याहून पुष्कळ खाली असते. तेव्हा कढईतून पातळ व निरुपद्रवी भासणारे तूप जाळीखाली दोन वितींवर गेले की घट्ट होऊन नळीच्या कडेला धरते. शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल आपल्याकडील थंडीत गोठत नाही, म्हणून त्याचे भय नाही असे समजणाऱ्यांनी दुसरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नळीतील जंतू तेलाचे विघटन करून त्यातील मेदाम्ले मोकळी करतात, आणि पाण्यात कॅल्शियमचे क्षार असले की ती मेदाम्ले त्याच्याशी संयोग पावून एक प्रकारचा साबण तयार होतो. हा साबण पाण्यात विरघळत नाही. मेणासारखा पांढुरका होऊन थरावर थर चढत जातो. भांडी धुण्याच्या द्रवाने तेल सुटते खरे, परंतु ते सुटलेले तेल पुढे थंड पाण्यात पुन्हा एकत्र येण्यास मोकळे असते. ही क्रिया शहराच्या प्रमाणावर झाली म्हणजे काय होते ते २०१७ साली लंडनमध्ये दिसले. तेथील व्हाइटचॅपल भागाच्या भुयारी गटारात चरबी आणि फेकून दिलेले ओले वाइप्स यांचा सुमारे २५० मीटर लांबीचा व १३० टन वजनाचा गोळा सापडला, आणि तो फोडण्यास कामगारांना कित्येक आठवडे लागले. घरच्या नळीत हाच पदार्थ बोटाएवढ्या जाडीचा झाला तरी पाणी अडण्यास पुरेसा होतो.

याचा उपाय जुन्या राखेच्या तत्त्वावरच आधारलेला आहे. तळणीचे तेल निवू द्यावे, पुन्हा वापरण्याजोगे नसल्यास ते जुन्या बाटलीत भरून ठेवावे, आणि कढईला जे चिकटून राहते ते वर्तमानपत्राच्या तुकड्याने किंवा मूठभर कोंड्याने पुसून घ्यावे. एवढे केल्यावर कढईला साबण किती कमी लागतो हे एकदा पाहिले म्हणजे हा नियम कोणास शिकवावा लागत नाही.

आता पाणी जाळीखाली गेल्यावर काय होते ते पाहू. सिंकच्या खाली नळी सरळ न जाता एक वळण घेते किंवा बाटलीच्या आकाराच्या एका भांड्यात उतरते. त्यास ट्रॅप म्हणतात, आणि सर्व पाणी वाहून गेले तरी त्यात थोडे पाणी कायम उभे राहते अशी त्याची रचना असते. हेच पाणी गटारातील वायूंना घरात येऊ देत नाही. अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीने १७७५ साली इंग्लंडमध्ये शौचकूपासाठी अशा वळणदार नळीचे पेटंट घेतले. त्यानंतर अडीचशे वर्षांत पुष्कळ सुधारणा झाल्या, पण कोणतेही यंत्र न वापरता केवळ पाण्याच्या पडद्याने दुर्गंधी रोखण्याची मूळ कल्पना होती तशीच आहे. सडक्या अंड्यासारखा जो वास कधीकधी येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो सतत येत असेल तर ट्रॅपमधील पाणी आटले आहे काय ते प्रथम पाहावे. मे महिन्यात कुटुंब गावी जाऊन पंधरवड्याने परतते, तेव्हा घर उघडताच येणारा वास बहुधा याच कारणाचा असतो. तांब्याभर पाणी ओतले की तो थांबतो.

पुष्कळ घरांत, विशेषतः जुन्या इमारतींत, सिंकखाली असा ट्रॅप मुळातच नसतो. पन्हाळी प्लॅस्टिकची लवचिक नळी सिंकपासून निघून जमिनीतील भोकात नुसती सोडलेली असते आणि दुर्गंधी अडविण्याचे सर्व काम जमिनीतील नहाणी ट्रॅपवर येऊन पडते. ही व्यवस्था चालू शकते, परंतु नळी आणि भोक यांच्यामध्ये जी फट राहते ती झुरळांची हमरस्त्याएवढी वाट होय. त्या फटीत बसणारी रबराची चकती हार्डवेअरच्या दुकानात अल्प किमतीला मिळते. झुरळांसाठी दर महिन्याला फवारणी करणाऱ्यांनी प्रथम खाली वाकून ही फट पाहावी.

बाटलीसारखा ट्रॅप असेल तर तो दोन-तीन महिन्यांतून एकदा स्वतः उघडावा, असा माझा आग्रह आहे. काम अवघड मुळीच नाही. खाली बादली ठेवावी, एका हाताने ट्रॅपचा वरचा भाग घट्ट धरावा आणि दुसऱ्या हाताने खालची वाटी डावीकडे फिरवावी. ती हातानेच सुटते, पान्याची गरज सहसा पडत नाही, आणि पाना लावल्यास प्लॅस्टिकचे आटे तुटण्याचाच संभव अधिक. वाटी सुटताच आधी काळसर पाणी पडते, मागून करडा, गुळगुळीत गाळ येतो, आणि त्या गाळात हळदीने पिवळी पडलेली शिते, मोहरीचे दाणे, काड्यापेटीची एखादी काडी व घासणीच्या तारेचे तुकडे स्पष्ट ओळखू येतात. दोन-तीन महिन्यांच्या स्वयंपाकाचा हिशेबच तेथे लिहिलेला असतो. वाटी जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने धुवावी, आतील रबरी वायसर फाटलेला किंवा कडक झालेला नाही याची खातरजमा करावी, तो जेथून निघाला तेथेच सपाट बसवावा, वाटी हाताने आवळावी आणि बादली न हलवता नळ सोडून एक थेंबही गळत नाही हे पाहावे. चुकून गेलेली कानातली कुडी किंवा अंगठी याच वाटीत सापडते, म्हणून तशी वेळ आल्यास आधी नळ बंद करावा व मग शोधाशोध करावी.

एवढे करूनही पाणी तुंबले तर उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम रबरी पंप वापरावा. सिंकमध्ये पंपाची वाटी बुडेल इतके पाणी असू द्यावे, सिंकला वरच्या बाजूस जादा पाणी जाण्याचे छिद्र असेल तर ते ओल्या फडक्याने दाबून धरावे, अन्यथा दाब तेथूनच निसटतो, आणि दहा-पंधरा वेळा जोराने खालीवर करून एकदम उचलावा. याने न भागल्यास ट्रॅप उघडावा. त्यानंतर लवचिक तार. रासायनिक द्रव्यांचा क्रमांक शेवटचा. बाजारात मिळणाऱ्या नळी मोकळी करण्याच्या दाणेदार भुकटीत मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. तो चरबीचा साबण करून ती विरघळवितो, हे खरे. परंतु पाण्याशी मिळताना त्यातून प्रखर उष्णता निर्माण होते, आणि नळीचे पीव्हीसी सुमारे ८० अंशांना मऊ पडते. भुकटी टाकून पाणी हलले नाही, तर आता सिंकमध्ये जे साचले आहे ते डोळ्यांना आंधळे करू शकणारे द्रव्य आहे. त्यात मागून पंप मारणे किंवा दुसरे कोणतेही द्रव्य ओतणे म्हणजे अपघातास निमंत्रण देणे होय. ॲल्युमिनियमचे पातेले अशा वेळी जवळ नसावे, कारण कॉस्टिक त्यास खाऊन हायड्रोजन वायू सोडतो. उष्णतेविषयीचा हाच विचार कुकरमधील उकळत्या पाण्याला आणि भाताच्या पेजेलाही लागू आहे. ती नळ चालू ठेवून थंड पाण्याबरोबर ओतावी. पेज तर मुळात ओतून देण्याची वस्तूच नव्हे.

खाण्याचा सोडा टाकून त्यावर व्हिनेगर ओतण्याचा उपाय हल्ली घरोघर सांगितला जातो. फेस जोरदार येतो, त्यामुळे काहीतरी घडत आहे असे समाधान वाटते. पण सोडा अल्कधर्मी आणि व्हिनेगर आम्लधर्मी. दोघे एकमेकांचा प्रभाव नाहीसा करतात आणि शेवटी उरते ते सोडियम ॲसिटेटचे फिके पाणी. दोन्ही वस्तू उपयुक्त आहेत, मात्र निरनिराळ्या. सोडा ओलसर फडक्यावर घेऊन तेलकट डाग घासावा, आणि व्हिनेगर पांढऱ्या क्षारांसाठी राखून ठेवावे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सबबीवर करू नये. ब्लीचिंग पावडर किंवा तिच्यासारखे द्रव आणि फरशी धुण्याचे ॲसिड ही दोन्ही एकत्र आली की क्लोरिन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्रच्या रणभूमीवर हाच वायू शस्त्र म्हणून सोडण्यात आला होता. दारे बंद असलेल्या लहानशा स्वयंपाकघरात तो थोडासुद्धा निर्माण होणे प्राणावर बेतू शकते.

सिंकच्या अंगासंबंधी आता पाहू. पोलादात पुरेसे क्रोमियम मिसळल्यास ते गंजत नाही, हे शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीला १९१३ साली बंदुकीच्या नळ्यांसाठी मिश्रधातूंचे प्रयोग करीत असताना दिसून आले. क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, डोळ्यास न दिसणारा पापुद्रा तयार होतो. ओरखडा पडला तरी हवा लागताच तो स्वतः भरून येतो. स्टेनलेस स्टीलचे सर्व शील या पापुद्र्यात आहे, म्हणून त्याचे शत्रू ओळखले की स्टीलची निगा समजली. त्यांतील पहिला शत्रू क्लोराइड. मिठाचे दाणे किंवा खारवलेल्या कैऱ्यांचे पाणी रात्रभर तळाशी राहिले, तर पापुद्रा जागोजाग भेदला जाऊन टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडतात, आणि असा खड्डा पुन्हा बुजत नाही. फरशी धुण्याच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते सिंकमध्ये ओतू तर नयेच, पण त्याची बाटली सिंकखालच्या कप्प्यातही ठेवू नये, कारण झाकणाच्या फटीतून निघणाऱ्या वाफांनी सिंकची खालची बाजू आणि नळाचे जोड तांबेरतात. दुसरा शत्रू म्हणजे परके लोखंड. ओली विळी, बिडाचा तवा किंवा लोखंडी तारेची घासणी सिंकमध्ये पडून राहिली की त्यांच्या गंजाचा डाग स्टीलवर उमटतो आणि स्टीलच गंजले असा समज होतो. असा डाग ताजा असताना लिंबाच्या फोडीने निघतो. घासावयाचे ते मऊ घासणीने, आणि स्टीलवर जी बारीक रेघ दिसते तिच्या दिशेने. आडवे घासल्यास चकाकी कायमची जाते.

हे सगळे स्टीलपुरते झाले. ज्यांच्या ओट्यातील सिंक कडप्प्याचे किंवा शहाबादी फरशीचे आहे त्यांनी लिंबू, चिंच, कोकम व व्हिनेगर ही सर्व दूर ठेवली पाहिजेत. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि कोणतेही आम्ल त्यास विरघळविते. तांब्याची भांडी चिंचेने घासून तशीच कडप्प्यावर ठेवलेल्या घरात त्या भांड्याच्या बुडाएवढे फिकट, खरखरीत वर्तुळ दगडावर उमटलेले दिसेल. तो डाग वाटतो, पण तेथला दगडच झिजलेला असतो. म्हणून कितीही धुतला तरी जात नाही. ग्रॅनाइटला ही भीती फार कमी. बाहेरून दोन्ही दगड काळे दिसतात, त्यामुळे आपल्या ओट्याचा दगड कोणता, ते घर बांधणाऱ्यास विचारून ठेवणे श्रेयस्कर.

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जेथे वापरात आहे, तेथे नळाच्या तोंडाशी व सिंकच्या कडांना पांढरे क्षार धरतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट, आणि दुसरी सोय नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेता येतो; दख्खनच्या पाषाणातील बोअरचे पाणी पुष्कळदा पहिल्या मर्यादेच्या पुष्कळ वर असते. स्टीलवरचे हे क्षार व्हिनेगरात भिजविलेले फडके अर्धा तास गुंडाळून ठेवल्याने सैल होतात, आणि नंतर साध्या पाण्याने धुवावे. परंतु याहून सोपा मार्ग रोजचा आहे. रात्री शेवटचे भांडे झाल्यावर सिंक कोरड्या फडक्याने पुसावे. जे पाणी उरलेच नाही ते आटून क्षार कोठून सोडणार? कोरड्या सिंकवर झुरळेही रमत नाहीत, त्यांना अन्नापेक्षा पाण्याचा शोध अधिक असतो.

जाळीच्या खाली, नळीच्या तोंडाशी जो बुळबुळीत थर असतो तो जंतूंचा असून बारीक, केसाळ पंखांचे कीटक त्यातच अंडी घालतात. पावसाळ्यात ते भिंतीवर बसलेले दिसू लागले की फवारणीपेक्षा लांब दांड्याच्या ब्रशाने तो थर खरवडून काढावा, कारण घरच हलविल्याखेरीज हे पाहुणे हलत नाहीत. घासणीचीही तीच कथा. जर्मनीतील फुर्टवांगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली वापरातले स्पंज तपासले, तेव्हा काही ठिकाणी एका घन सेंटिमीटरमध्ये ५० अब्जांहून अधिक जंतू आढळले. स्पंज पिळून उभा ठेवावा, उन्हात वाळवावा आणि तो जुना झाल्यावर त्याचा मोह धरू नये. कोंबडीचे किंवा मटणाचे तुकडे धुताना नळ पूर्ण सोडू नये, कारण त्याचे शिंतोडे शेजारच्या धुतलेल्या भांड्यांवर उडतात. पातेल्यात पाणी घेऊन सावकाश धुवावे, आणि नंतर सिंकच साबणाने व गरम पाण्याने धुवून काढल्याशिवाय त्यात कोथिंबीर निवडू नये.

नवे सिंक घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. स्टीलची प्रत पावतीवर लिहून घ्यावी. ३०४ प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. स्वस्त २०० मालिकेच्या प्रतींत निकेलऐवजी बरेचसे मँगनीज घातलेले असते आणि ती क्लोराइडपुढे लवकर हरते. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवितात, पण चुंबक या दोहोंनाही जवळजवळ चिकटत नाही, म्हणून त्या परीक्षेवर विसंबू नये. दुसरी गोष्ट सुताराशी संबंधित आहे. हल्ली सिंकखालचा भाग कप्प्यांनी व सरकत्या ट्रॉल्यांनी असा झाकून टाकतात की ट्रॅपपर्यंत हात पोहोचण्यासाठी निम्मे फर्निचर उचकटावे लागते. तेथे एक हात आणि एक बादली शिरेल एवढी जागा मोकळी ठेवण्यास, आणि मागची फळी स्क्रूने सुटी करता येईल अशी बसविण्यास, काम सुरू होण्यापूर्वीच त्यास बजावून सांगावे.